आरपार दगड

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



मुंबईत नळजोडणी घ्यायची तर महापालिकेचा परवाना असलेला प्लंबर लागतो. नव्या घराला वीज घ्यायची तर अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो, आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या वायरमनकडे राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचं परमिट असावं लागतं. या दोन्ही गोष्टी रास्तच आहेत. नळ चुकला तर खालच्या मजल्यावर ओल उतरते, वायर चुकली तर माणूस चिकटतो.

भिंत बांधायला मात्र कुणाचाच कसलाही कागद लागत नाही. परवापर्यंत घमेली वाहणारा पोरगा आज हातात थापी धरतो, मुकादम दोन तास त्याचा हात बघतो आणि संध्याकाळी त्याला गवंड्याची हजेरी लागते. भिंत ओळंब्यात असली म्हणजे झालं. ती आतून कशी आहे, हे गिलावा झाल्यावर कुणालाच दिसत नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय आयटीआयमधल्या बांधकामाच्या व्यवसायांचा आहे. व्याख्यानमालांना गवंडी सहसा येत नाहीत. ते सभागृह बांधायला येतात आणि खुर्च्या लागायच्या आत दुसऱ्या साइटवर गेलेले असतात. त्यामुळे त्यांच्या शिक्षणाबद्दल बोलणारा आणि ऐकणारे, दोघेही या कामाकडे बाहेरूनच बघत असतात. ही अडचण मान्य करूनच पुढे जावं लागेल.

सुरुवात किल्लारीच्या भूकंपापासून करायला हवी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावं काही सेकंदांत जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. नंतर जे तज्ज्ञ तिथे पोचले त्यांना पडलेल्या घरांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. घरांच्या भिंती चांगल्या दोन-अडीच फूट जाड होत्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, गढीच आहे. पण ती एक भिंत नव्हती. बाहेरच्या अंगाला निवडक दर्शनी दगडांचा एक पदर, आतल्या अंगाला तसाच दुसरा, आणि मधल्या पोकळीत मातीत टाकलेली दगडगोट्यांची भरड. दोन सडपातळ भिंती पाठीला पाठ लावून उभ्या होत्या, एवढंच. हादरा बसला तशी बाहेरची बाहेर पडली आणि आतली आत पडली. वर माळवद. फळ्यांवर टाकलेली मातीची जाड रास उन्हाळ्यात घर गार ठेवायची; त्या पहाटे ती झोपलेल्यांवर आली. काही घरांत तर सुताराने उभे केलेले खणाचे खांब आणि तुळया शाबूत राहिल्या आणि त्यांच्याभोवतीची गवंड्याची भिंत ढासळली.

दोन पदरांना बांधून ठेवायचा उपाय अगदी साधा आहे. भिंतीच्या जाडीएवढा लांब दगड मधून मधून आडवा घालायचा. त्याचं एक तोंड बाहेर, दुसरं आत. भारतीय मानक ब्युरोच्या १३८२८ क्रमांकाच्या मानकात त्याचं मापही दिलेलं आहे: उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि लांबीत १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता एकेक आरपार दगड. म्हणजे उभ्यात दोन फुटांवर, आडव्यात चार फुटांवर. भिंतीची जाडीही ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको; जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा आपला भाबडा हिशेब तिथे मोडीत निघतो. हे मानक १९९३ सालचंच, हा योगायोग विचित्र म्हणायचा.

पण मानक नव्हतं तेव्हा आरपार दगड कुणाला माहीतच नव्हता असं नाही. जुन्या जाणत्या पाथरवटाला तो माहीत होता. मग तो गाळला का गेला? लांब दगड मिळायला कठीण, फोडायला महाग, उचलायला दोन माणसं. तो घातला काय, न घातला काय, भिंत दिसते सारखीच. ज्याला तो 'असाच घालतात' म्हणून सांगितलेला असतो, तो माणूस घाई झाली, पैसे कमी पडले की पहिल्यांदा नेमका तोच दगड सोडतो. न घातल्यास काय होतं हे ज्याला सांगितलेलं असतं, तो निदान सोडताना अडखळतो, मालकाला दोन शब्द ऐकवतो. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि बाकीच्या गावांतल्या लाखाहून अधिक घरांची डागडुजी ठरली, तेव्हा गवंड्यांना हेच शिकवावं लागलं. उभ्या भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात सळई घालायची, काँक्रीट भरायचं: राहून गेलेला दगड मागाहून घालायचा.

हात कसा चालवायचा ते साइट शिकवते, आणि हे कबूल केलं पाहिजे की शाळेपेक्षा लवकर शिकवते. सहा महिने रोज आठ तास विटा लावणाऱ्याचा हात वर्षभर तासिकेप्रमाणे विटा लावणाऱ्यापेक्षा जलद चालणारच. 'का' सांगायला मात्र साइटवर कुणाला वेळ नसतो. तंत्रशाळेची खरी कमाई तिथे आहे. आणि आपल्याकडे या शाळांचं कौतुक होतं किंवा टिंगल होते, ती बहुतेक वेळा हे सोडून भलत्याच गोष्टींसाठी.

या शाळांचा इतिहास फार लांबवायचं कारण नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामधंद्याला लावण्यासाठी १९४५ मध्ये केंद्रात एक खातं निघालं, आणि १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, ती या योजनेतून. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा आला. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. बांधकामाशी नातं असलेले व्यवसाय त्यांत बरेच आहेत: गवंडी (कागदोपत्री 'मेसन, बिल्डिंग कन्स्ट्रक्टर'), प्लंबर, सुतारकाम, वेल्डर, वायरमन, इलेक्ट्रिशियन, पेंटर, स्थापत्य आरेखक, सर्व्हेअर. गवंडी आणि प्लंबर एका वर्षाचे, इलेक्ट्रिशियन, वायरमन आणि आरेखक दोन वर्षांचे. गवंडीकामाला आठवी पास पुरते.

त्याआधीचा एक धडा मात्र आठवणीत ठेवण्याजोगा आहे. पुण्यात १८५४ मध्ये 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' निघालं ते सरकारी बांधकामांवर देखरेख करणारे दुय्यम अंमलदार घडवायला. पुढे ते पदवीचं महाविद्यालय झालं, आजचं सीओईपी. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट आली. तीही यथावकाश अभियंत्यांची झाली. यात कुणाची चूक नाही. पण आपल्याकडे तंत्रशाळा वर वर चढत जाते आणि ज्याच्यासाठी ती निघाली तो खालच्या पायरीवरच राहतो, असं हे पुन्हापुन्हा झालेलं आहे. अपवाद शोधायचा तर बडोद्याचा: सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये तिथे कलाभवन उभं केलं. सुतारकामापासून रंगशास्त्रापर्यंतचे विषय तिथे होते आणि शिकवणं देशी भाषेत होतं. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. कारागिराला त्याच्या भाषेत शास्त्र सांगता येतं हे बडोद्याने सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवलं. भाषेकडे शेवटी पुन्हा यायचं आहे.

आयटीआयच्या गवंडी वर्कशॉपमध्ये शिरलं की पहिली गंमत अशी दिसते की तिथे काहीच टिकत नाही. पोरं आज कोपरा बांधतात, उद्या तो पाडतात. सरावाचा माल मुद्दाम कमी ताकदीचा ठेवतात, म्हणजे विटा सुट्या होतात, घासून पुन्हा रचता येतात. तीच वीट वर्षभरात इंग्लिश बाँडमध्ये बसते, फ्लेमिशमध्ये बसते, खांबात बसते, कमानीत बसते. साइटवर चूक झाली तर ती गिलाव्याखाली झाकली जाते. इथे चूक मोजली जाते आणि पाडली जाते. ही चैन साइटला परवडणारी नाही.

हत्यारं तीच, गावच्या गवंड्याकडे असतात ती. ओळंबा भिंत उभी आहे की नाही ते सांगतो, गुण्या कोपरा काटकोनात आहे की नाही ते सांगतो, पाणसळ थर आडवा आहे की नाही ते सांगते. गुण्या लहान, खोली मोठी. म्हणून पायाची आखणी करताना गवंडी दोरी घेतो. एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि तिरकं माप बरोबर पाच भरलं तर कोपरा गुण्यात. शाळेच्या पुस्तकात हाच पायथागोरसचा सिद्धांत असतो, आणि नववीत नापास झालेला पोरगा तो साइटवर दिवसातून चार वेळा वापरतो. शिक्षकाने एवढं जरी दाखवून दिलं की 'हे ते आहे', तरी त्या पोराचा चेहरा बदलतो. आणखी थोडं मागे गेलं तर बौधायनाचं शुल्बसूत्र येतं. 'शुल्ब' म्हणजे दोरी. यज्ञासाठी विटांच्या चिती रचायच्या, त्यांच्या मापांचं ते शास्त्र. भारतातली ही सगळ्यात जुनी भूमिती दोरी आणि विटांची आहे, हे गणिताचे शिक्षक सांगत नाहीत आणि गवंडीकामाचे निदेशक सांगू शकले असते, पण त्यांच्या अभ्यासक्रमात ते नाही.

दुसरा 'का' पाण्याचा. स्लॅबच्या दिवशी साइटवर लग्नघर असतं. मिक्सर धडधडत असतो, बायका-पुरुषांची साखळी लागलेली असते, मालक जेवण घालतो. माल जरा घट्ट वाटला की कुणीतरी ओरडतं, 'पाणी मार!' पाण्याने माल पळतो, सळयांत पटकन शिरतो, कमरेचे काटे ढिले होत नाहीत. पन्नास किलोच्या सिमेंटच्या गोणीला साधारण पंचवीस लिटर पाणी, वाळूतली ओल धरून, एवढा हिशेब असतो. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं त्याच्या वजनाच्या पाव भागाच्या आसपास. बाकीचं माल हलता राहावा म्हणून. जादा टाकलेलं पाणी नंतर उडून जातं आणि जाताना आपल्या जागी बारीक पोकळ्या ठेवून जातं. त्या पोकळ्यांतून पुढे पावसाचं पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, फुगते, आणि पंधरा-वीस वर्षांनी छताचा पोपडा जेवणाच्या ताटात पडतो. ताटावर बसलेला माणूस सिमेंट कंपनीला शिव्या देतो.

आयटीआयतला मुलगा तीनशे मिलिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू भरतो, उचलतो, माल किती बसला ते मोजतो. दीडशे मिलिमीटरचे ठोकळे पाडतो, पाण्यात ठेवतो, अठ्ठावीस दिवसांनी दाबयंत्रात फुटताना बघतो. जादा पाण्याचा ठोकळा आधी फुटतो. एकदा डोळ्यांनी बघितलेलं हे फुटणं दहा व्याख्यानांच्या तोडीचं आहे, आजचं धरून.

मग या वर्गांत झुंबड का नाही? दरवर्षी प्रवेशाच्या फेऱ्यांत इलेक्ट्रिशियन आणि फिटरच्या याद्या वर चढतात आणि गवंडीच्या जागा शेवटपर्यंत रेंगाळतात. एक कारण सरळ पैशाचं आहे. वर्षभर वर्गात बसायचं, पुढे शिकाऊ उमेदवारी करायची, तर २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या उमेदवाराला किमान विद्यावेतन महिना ७ हजार रुपये. तेवढ्या काळात नाक्यावरचा बिगारी त्याहून अधिक कमावतो, आणि घरातली उचल फेडायची असते. शिवाय नाक्यावर प्रमाणपत्राला वेगळा भाव नाही. भाव ठरतो तो जागेवर: रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीप्रमाणे २०२२-२३ मध्ये ग्रामीण भागातल्या बांधकाम मजुराला केरळात दिवसाला सरासरी ८५२ रुपये मिळत, मध्य प्रदेशात २७९. वीट तीच, सिमेंट तेच. म्हणून बंगालमधल्या मालदा-मुर्शिदाबादचा गवंडी रेल्वेत बसून केरळ गाठतो, पुणे-मुंबईला येतो, आयटीआयच्या रांगेत उभा राहत नाही.

दुसरं कारण बोलायला अवघड आहे, पण स्मृतिव्याख्यानात निदान एवढं धैर्य असावं. गवंडी, पाथरवट, वडार, बेलदार, सुतार: ही आपल्याकडे कामांची नावं आहेत आणि जातींचीही. इलेक्ट्रिशियन नावाची जात नाही. म्हणून आठवीनंतर पोराला 'वायरमन कर' म्हणणारा बाप 'गवंडी कर' म्हणत नाही. आणि ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या थापी आहे तो तर म्हणतो, हेच करायचं होतं तर तुला शाळेत कशाला घातलं? कागदावर 'मेसन' लिहून हे भागत नाही. राष्ट्रीय कौशल्य विकास धोरणाने २०१५ मध्ये नोंदवलं होतं की भारतातल्या कामकरी लोकसंख्येपैकी फक्त ४.६९ टक्के लोकांना औपचारिक कौशल्य प्रशिक्षण मिळालेलं आहे. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६. या तफावतीची कारणं देताना धोरणं निधी, यंत्रसामग्री, उद्योगांचा सहभाग असं बरंच काही सांगतात. घरातल्या त्या एका वाक्याचा उल्लेख करत नाहीत.

यावर पुणे जिल्ह्यातल्या पाबळने एक वेगळीच वाट काढली. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हरमधले शास्त्रज्ञ. त्यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली मुलं तिथे यायची. त्यांना एकच व्यवसाय शिकवायचा नाही, असं कलबागांनी ठरवलं होतं. खेड्यातल्या माणसाला एका हातात चार कामं लागतात. म्हणून वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, जनावरं, रक्ततपासणी, सगळंच थोडं थोडं, आणि ते गावाला प्रत्यक्ष सेवा पुरवत शिकायचं. तिथल्या कामातून पाबळचा घुमट तयार झाला: त्रिकोणांच्या सांगाड्याचं अर्धगोलाकार घर, कमी सामानात उभं राहणारं, वाऱ्याला आणि हादऱ्याला न डगमगणारं. किल्लारीनंतर असे घुमट भूकंपग्रस्त भागात वापरले गेले. नापास मुलांच्या वर्कशॉपमधली वस्तू लातुरात कामी आली, याची नोंद त्या काळच्या शिक्षणविषयक चर्चेत जितकी व्हायला हवी होती तितकी झाली नाही. पुढे आश्रमाच्या कामातून आलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय महाराष्ट्रातल्या अनेक माध्यमिक शाळांत गेला, जिथे 'हुशार' मुलांनाही घमेलं उचलावं लागतं. वक्त्याच्या मते जातीच्या त्या गाठीवर आजवर झालेल्या उपायांत हा सगळ्यात शहाणा. गवंड्याच्या मुलाला थापी धरायला शिकवण्यापेक्षा तलाठ्याच्या मुलीला ती धरायला लावणं.

मुलींचा विषय निघालाच आहे. साइटवर बाई पहिल्यापासून आहे. पाट्या वाहणारी, वाळू चाळणारी, पाळण्यातलं पोर सावलीत टांगून स्लॅबवर पाणी मारणारी. पण ती गवंडी होत नाही; वीस वर्षं घमेली वाहून पन्नाशीत ती बिगारीच असते आणि तिच्या हाताखाली आलेला पोरगा दोन वर्षांत तिच्यापुढे जातो. झारखंडमध्ये स्वच्छ भारत मोहिमेत शौचालयं बांधायला गवंडी मिळेनात, कारण पुरुष बाहेरगावी गेलेले. तेव्हा गावच्या बायकांना शिकवलं गेलं आणि 'राणी मिस्त्री' हा शब्द जन्माला आला. महाराष्ट्रातल्या आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. गवंडीच्या तुकडीत त्या किती भरतात हे प्रत्येकाने आपल्या तालुक्याच्या आयटीआयत जाऊन बघावं.

पुढे काय, हा प्रश्न पालक विचारतात, आणि त्याची उत्तरं त्यांना वाटतात त्यापेक्षा बरी आहेत. सर्व्हेअरचा दोन वर्षांचा कोर्स केलेला मुलगा भूमी अभिलेख विभागाच्या भूकरमापक पदासाठी पात्र ठरतो. त्या पदाला स्थापत्याची पदविका तरी लागते नाहीतर हा कोर्स. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि तिथून पदवीला. वायरमनने परमिट काढलं की स्वतःचा ठेकेदारी परवाना पुढच्या टप्प्यावर दिसू लागतो. एल अँड टीसारख्या कंपन्या स्वतःच्या प्रशिक्षण संस्था चालवतात. एल अँड टीची पहिली १९९५ मध्ये चेन्नईत निघाली, पनवेललाही एक आहे. उंच इमारतींत आता अॲल्युमिनिअमचे साचे येतात आणि भिंतसुद्धा स्लॅबसारखी ओतली जाते. तिथे वीट लावणाऱ्याला काम नाही. क्रमांक टाकलेले साचे नकाशा वाचून जोडणाऱ्याला आहे, आणि नकाशा वाचणं ही नेमकी वर्गात शिकायची गोष्ट. लिफ्ट, सौरऊर्जा, वॉटरप्रूफिंग, टाइल: यादी वाढवता येईल, पण ती माहितीपुस्तिकेत असते.

माहितीपुस्तिकेत नसलेलं एक काम सांगितलं पाहिजे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. यातलं बरंचसं बांधकाम चुन्यातलं आहे. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं ठिगळ लावलं तर सिमेंट कडक आणि चुना मऊ. भिंत श्वास घेते ती ठिगळापाशी कोंडते, ओल मागे साचते आणि ठिगळाभोवतीचा जुना दगड आधी झिजतो. म्हणून डागडुजी चुन्यातच करावी लागते. चुनखडी भाजायची, विझवायची, दिवसेंदिवस भिजत ठेवायची, घाणीत मळायची. अनेक गडांवर ती गोल घाणी आणि तिचं दगडी चाक अजून दिसतं. पर्यटक त्यावर बसून फोटो काढतात. चुन्यात गूळ, बेल, हिरडा यांचं पाणी घालायच्या जुन्या रीती आहेत, आणि त्यामागेही 'का' आहे. सिमेंटवर वाढलेल्या गवंड्याचा हात चुन्यावर बसत नाही: सिमेंट तासाभरात पकडतं, चुना महिनोन्महिने हवेतून घट्ट होत जातो आणि त्याला रोज ओलसर ठेवावं लागतं. बारा किल्ले, शेकडो वाडे, घाट, बारवा यांना पुढची पन्नास वर्षं पुरतील एवढे चुन्याचे गवंडी तयार करणं हे एका चांगल्या आयटीआयचं काम आहे. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजीचं नाव कोरलेलं आहे. त्या पायरीला वाकून नमस्कार करणाऱ्या गर्दीत चुना मळता येणारा एक तरी असावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आता परदेश. मुंबईत आखाती नोकऱ्यांसाठी 'ट्रेड टेस्ट' घेणारी केंद्रं कित्येक वर्षांपासून आहेत, आणि कोकणातली कितीतरी घरं त्या चाचण्यांवर उभी राहिली. दहावी न झालेल्या कामगाराला आखातासह अठरा देशांत कामाला जाताना स्थलांतर खात्याची मंजुरी घ्यावी लागते. दोन वर्षांचा मान्यताप्राप्त आयटीआय केलेल्याला ती लागत नाही. पासपोर्टवर 'मंजुरी हवी' हा शिक्का नसला की दलालाचा एक हप्ता वाचतो. इस्रायलशी मे २०२३ मध्ये ४२ हजार कामगारांचा करार झाला, त्यात ३४ हजार बांधकामासाठी. हरियाणा, उत्तर प्रदेश आणि मग महाराष्ट्रात निवडी झाल्या त्या चार कामांसाठी: साचेकाम, सळई वाकवणं, गिलावा आणि फरशी. परीक्षा प्रत्यक्ष कामाची होती. काम करून दाखवा, मग बोलू. तरीही तिथे पोचलेल्या काहींना नेमलेलं काम जमत नसल्याच्या बातम्या पुढे आल्या. कधीच हातात थापी न धरलेले लोकही त्या रांगेत उभे होते, हे त्याचं एक कारण. महिना सव्वा लाखाच्या वर पगार म्हटल्यावर दुसरं काय होणार. युद्धाच्या छायेत तिकडे जावं का, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. सुरुवातीला दहा हजार कुशल तरुण पाठवायचे. यादीत परिचारिका आहेत, चालक आहेत, तसे इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गवंडी, सुतारही आहेत. तिथे गवंडी व्हायला तीन वर्षं लागतात. काही दिवस कंपनीत, काही दिवस व्यवसाय शाळेत, आणि शेवटी परीक्षा. ती झाल्यावर जुन्या रीतीप्रमाणे काही कारागीर कॉर्डुरॉयचे कपडे आणि टोपी घालून तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव काम करत फिरतात. आपल्या गावाजवळ फिरकायचं नाही असा नेम. वारीला निघाल्यासारखे. तिथे हा पोशाख घातलेल्याला रस्त्यात लोक हात दाखवून गाडीत घेतात.

या तरुणांना आधी जर्मन भाषा शिकावी लागते. पहिल्या महिन्यात अभिवादन, आकडे, वार. मग हत्यारांची नावं. ओळंब्याला ते 'लोट' म्हणतात, काटकोनाच्या गुण्याला 'विंकेल'. आपल्या आयटीआयच्या वर्गात ज्याला 'स्पिरिट लेव्हल' म्हणतात आणि गावचा म्हातारा गवंडी अजून पाणसळ म्हणतो, तिचं जर्मन नाव 'वासरवागे'. 'वासर' म्हणजे पाणी, 'वागे' म्हणजे तराजू. इंग्रजीला त्या काचेच्या नळीत स्पिरिट दिसलं. मराठी आणि जर्मन गवंड्याला पाणी.